अपघाताचे दावे लढणारे आमचे सर

कारकून_फोंडा

नमस्कार मंडळी. ज्यांच्या कचेरीत मी टायपिंगला लागलो आणि पुढे कारकून म्हणून आयुष्य काढलं, ते आमचे वकीलसाहेब आता काम थांबवताहेत. आम्ही त्यांना सरच म्हणतो, इथेही तेच म्हणेन. नाव लिहीत नाही. वकिलाने जाहिरात करू नये, दारावरची पाटीसुद्धा बेताचीच असावी, असा बार कौन्सिलचा ३६ क्रमांकाचा नियम आहे आणि सरांनी तो काटेकोर पाळला. पण त्यांच्या कामाबद्दल कुठेतरी लिहिलं जावं असं मला फार मनापासून वाटतं. 'अपघाताचा वकील' म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि या माणसाने काय केलं ते मी जवळून पाहिलेलं आहे.

सरांनी सनद घेतली तेव्हा १९८८ चा मोटार वाहन कायदा नुकताच लागू झाला होता, १ जुलै १९८९ पासून. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळूनही दोनच वर्षं झालेली. त्या वेळी नव्या वकिलांचा ओढा जमिनीच्या कामांकडे असायचा. कुळ-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) यांचे वाद, वाटण्या, पोर्तुगीज काळातले दस्तऐवज. कामाला तोटा नाही आणि समाजात मान. अपघाताचा अशील मात्र बहुतेक वेळा हातावर पोट असलेला, फी कधी मिळेल त्याचा भरवसा नाही, आणि समोर विमा कंपनीचा मुरलेला वकील. सर मूळचे सावर्डे भागातले. खाणीच्या ट्रकांच्या रांगा बघत मोठे झाले. चालकाला खेपेवर पैसे मिळायचे, म्हणून जो तो घाईत, आणि त्याच रस्त्याच्या कडेने मुलं शाळेत जायची. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत आमच्या कपाटात त्या पट्ट्यातल्या फायली सगळ्यांत जास्त होत्या.

सरांचं ठाम म्हणणं असं की दाव्याचं काय होणार ते पहिल्या पंधरा दिवसांतच ठरतं. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआर) प्रत, जागेचा पंचनामा आणि नकाशा, गाडीचा विमा, चालकाचा परवाना, इस्पितळातला पहिला कागद, आणि पाहणारा माणूस. रस्त्यावरची काच झाडली जाते, घासल्याच्या खुणा पावसात जातात, साक्षीदार मुंबईला निघून जातो. घरच्यांनी वकीलपत्र दिलं की सर त्यांना कचेरीत हेलपाटे घालायला लावत नसत, स्वतः जायचे. जागा पाहायला मात्र अपघात ज्या वेळी झाला त्याच वेळी जायचे. पहाटे साडेपाचचा अपघात असेल तर पहाटे साडेपाचला. त्या वेळी कोण जागं असतं, दिवा लागतो की नाही, वळणावर झाडी किती आडवी येते, हे दुपारी बारा वाजता कसं कळणार?

एक दावा सांगतो. एका पोदेराला, म्हणजे घरोघर पाव विकणाऱ्याला, पहाटे सायकलवर असताना मागून ट्रकने उडवलं. बायको, दोन मुलं, म्हातारी आई. कमाईचा पुरावा शून्य. विमा कंपनीचं म्हणणं, अकुशल मजूर समजून हिशेब करा. सर आणि मी त्याच्या फेरीच्या वाटेने घरोघर फिरलो. एका घरात भिंतीवरचं कालनिर्णय होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने आकडे: ६, ६, ८, ६. त्या दिवशी किती उंडे (गोल पाव) घेतले त्याची नोंद. महिनाअखेरीस बेरीज, आणि खाली 'दिले' असं लिहून रेघ. दुसऱ्या घरात तसंच, तिसऱ्या घरात डायरी. सरांनी ती पानं गोळा केली, बेकरीवाल्याची कमिशनची वही मिळवली आणि वाड्यावरच्या चार बायकांना साक्षीला उभं केलं. त्यातल्या एकीने उलटतपासणीत सांगितलं, "तो आला नाही असा दिवस मला आठवत नाही, पाहिजे तर पानं मोजा." असे दावे ऐकणाऱ्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने पानं मोजली आणि मान्य केली.

निकालानंतरचं काम तर कुणाच्या डोळ्यांत भरतही नाही. रक्कम मंजूर झाली की घरात माणसं वाढतात. कुणाला धंद्याला उसने हवे असतात, कुणाला घराचं छप्पर घालायचं असतं. सुसम्मा थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या सूचना आहेत: अल्पवयीन मुलांचा आणि अशिक्षित विधवेचा हिस्सा मुदत ठेवीत ठेवावा, त्यावर कर्ज देऊ नये, व्याज दरमहा तिच्या हाती पडावं. सर या सूचना हुकमात उतरवून घ्यायचेच, शिवाय पहिल्या वेळी बाईबरोबर बँकेतही जायचे. खातं तिच्या एकटीच्या नावावर उघडेपर्यंत उठत नसत.

आणखी पुष्कळ आहे. तुमच्यापैकी कुणाचा त्यांच्याशी संबंध आला असेल तर लिहा.

सुरंगी

काका, कुणाबद्दल लिहिताय ते ओळखलं. माझ्या आईचा दावा त्यांनीच चालवला.

आई पायी जात होती, गाडी बाजूपट्टीवर चढली. सुनावणीत समोरच्या वकिलांनी बाबांना विचारलं, "त्या काही कमवत होत्या का?" बाबा गप्प. ते आयुष्यभर 'ती घरीच असते' असंच सांगत आलेले. सरांनी दोन दिवस आमच्या घरी बसून आमच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. सोलं वाळवून विकणं, नारळ, कोंबड्या, मळ्यातली मिरची आणि लाल भाजी, अंथरुणाला खिळलेल्या आजीची सगळी शुश्रूषा. आजीसाठी बाई ठेवली तर महिन्याला काय पडेल, याचीच वेगळी साक्ष घेतली. बाबा घरी येऊन रडले. म्हणाले, "हे सगळं ती करत होती आणि मी कधी हिशेब केला नव्हता."

त्या वेळी गृहिणीचं उत्पन्न फार कमी धरत. २००१ च्या लता वाधवा निकालात महिना ३,००० रुपये धरले होते, आणि पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा वापरला जायचा. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल आणि त्यात पुढे होणारी वाढही धरायला सांगितली. तो निकाल आला त्या संध्याकाळी सरांनी बाबांना फोन करून सांगितलं. आमचा दावा कधीच संपला होता, तरी आठवणीने फोन केला.

आमसोल

धागा चांगला आहे, पण सगळेच असे नसतात हेही लिहिलं पाहिजे. माझ्या मामांना अपघात झाला तेव्हा ते शुद्धीवर यायच्या आधी वॉर्डाबाहेर एक जण कार्ड घेऊन हजर. "काही द्यायचं नाही, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा." मामींनी गोंधळात कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. रक्कम आली तेव्हा हातात जे पडलं ते पाहून घर सुन्न झालं. त्यामुळे अपघाताचे वकील म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि त्यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

कारकून_फोंडा

आमसोल, तुमचा राग रास्त आहे. असे लोक आहेत. त्यांच्यामुळे या कामाला बट्टा लागला आणि सरांना त्याचा सगळ्यांत जास्त त्रास व्हायचा.

कायद्याचं सांगतो. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. बार कौन्सिलच्या आचारसंहितेतला २० क्रमांकाचा नियम आहे तो. असा करार कुणी करून घेतला असेल तर राज्याच्या बार कौन्सिलकडे, आपल्यासाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर सही तर कधीच, कुणालाच देऊ नये.

सरांची पद्धत अशी: फी किती ते पहिल्याच दिवशी कागदावर, अशिलाला समजेल अशा मराठीत किंवा कोंकणीत. ज्याला झेपणार नाही त्याला ते सरळ विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जायचे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे तुमच्या मामींना तो मिळाला असता, फुकट. हे त्यांना त्या वॉर्डाबाहेर सांगायला कुणी नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

न्यूजर्सीचा_म्हापसेकार

इथे अमेरिकेत नेमकं उलट आहे, म्हणून लिहितो. हायवेला लागलं की वकिलांचे भलेमोठे फलक: 'अपघात झाला? फोन करा.' बसच्या पाठीवर, टीव्हीवर, सगळीकडे. १९७७ च्या बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ ॲरिझोना निकालानंतर वकिलांच्या जाहिरातींना मोकळीक मिळाली. आणि फी बहुधा निकालावरच असते, साधारण एक तृतीयांश. हरलात तर वकिलाची फी नाही.

आल्या आल्या मलाही ते बाजारू वाटलं होतं. पण माझ्या बरोबरच्या एका कामगाराला गोदामात दुखापत झाली तेव्हा त्याच्या खिशात भाड्याचे पैसेही नव्हते. वकिलाने स्वतःच्या खर्चाने तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष उभी केली. आगाऊ पैसे मागितले असते तर तो माणूस कोर्टाची पायरी चढलाच नसता. इथले बरेच वकील गावातल्या शाळेला सायकलची हेल्मेटं देतात, शिष्यवृत्त्या देतात. त्यात जाहिरातीचा भाग असेलही, पण हेल्मेट मुलाच्या डोक्यावर बसतं हे खरं.

तेव्हा हिस्सा म्हणजे पापच, असं मी म्हणणार नाही.

कारकून_फोंडा

मुद्दा महत्त्वाचा आहे. सरांशी माझं यावर बोलणं झालंय. ते म्हणायचे, तिकडे ज्यूरी रक्कम ठरवते आणि ती अफाट असू शकते, म्हणून एक तृतीयांश गेला तरी माणसाच्या हाती बरंच उरतं. आपल्याकडे रक्कम कोष्टकावर चालते. सरला वर्मा निकाल २००९ चा, प्रणय सेठी २०१७ चा. वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं, त्यावरून आकडा निघतो, आणि त्यातला एकेक रुपया कुणाच्या तरी जेवणाचा धरलेला असतो. तो वकिलाने घेतला तर जेवणातूनच जातो.

उदाहरण देतो म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. मयताचं वय ३४, स्वतःचा छोटा धंदा, महिना २०,००० कमाई. वय चाळीसच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २८,०००. मागे चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा, राहिले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम ज्या आकड्याने गुणायची तो, १६. म्हणजे ४०,३२,०००. वर अंत्यविधी, सहवास हरपणं वगैरे ठरावीक रकमा. ही आकडेमोड सर अशिलाला पहिल्या बैठकीतच करून दाखवायचे, पाठकोऱ्या कागदावर, आणि तो कागद त्यालाच घरी न्यायला द्यायचे. मग मध्येच कुणी 'दोन लाखांत मिटवू' म्हणाला तर त्या माणसाला आपण काय सोडतोय ते माहीत असायचं.

विमा_निवृत्त

मी दुसऱ्या बाजूचा. विमा कंपनीत दावे विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. या वकिलांविरुद्ध आमच्या कंपनीने कितीतरी दावे लढवले.

दोन गोष्टी सांगतो. एक, बनावट दावे ही खरी समस्या आहे. अज्ञात गाडीने ठोकर दिलेली असते आणि नंतर ओळखीतल्या कुणाची तरी विमा असलेली गाडी कागदावर आणली जाते. उत्तर प्रदेशात तर यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्यामुळे प्रत्येक दाव्याकडे संशयाने बघायची आम्हाला सवय लागते आणि खरा माणूस त्यात भरडतो. हे वकील असं काम कधीच घेत नसत. गाडी सापडली नसेल तर सापडली नाही असंच लिहायचे. अशा वेळी पळून गेलेल्या वाहनासाठीच्या योजनेत अर्ज करायचे. पूर्वी त्यात मृत्यूला २५,००० आणि गंभीर दुखापतीला १२,५०० मिळायचे. १ एप्रिल २०२२ पासून २ लाख आणि ५०,००० झाले. रक्कम लहान आहे, पण खोटं बोलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी की त्यांची फाइल आली की आम्ही तडजोडीला बसायचो. लोक अदालतीत आमचे अधिकारी म्हणायचे, यांनी आकडा लिहिलाय म्हणजे पुरावा आहे. वकिलाच्या अब्रूमुळे अशिलाची दोन-तीन वर्षं वाचतात, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

मांडवीपार

कोर्टाबाहेरचं मी लिहितो.

आमच्या गावच्या ग्रामसभेला हे गृहस्थ रविवारी हजर असायचे, आणि हातात नेहमी एक नकाशा. तालुक्याच्या नकाशावर त्यांनी आपल्या दाव्यांतल्या अपघातांच्या जागा लाल शाईने मांडलेल्या. एकाच वळणावर पाच ठिपके. त्यांनी सरपंचांना विचारलं, "या पाच घरांची नावं मी वाचून दाखवू की तुम्ही दाखवता?" सभा एकदम शांत झाली. ते वळण रुंद करायला नंतर किती पत्रं लिहावी लागली, सार्वजनिक बांधकाम खात्यात किती खेटे घालावे लागले, ते आम्हाला माहीत आहे. पण काम झालं. गतिरोधकावर पांढरे पट्टे मारणं, झाडीची फांदी तोडणं, पथदीप दुरुस्त करणं, असल्या बारीक मागण्या ते इतक्या चिकाटीने लावून धरायचे की ठराव पास करणंच सोपं वाटायचं.

दुसरं म्हणजे पायलट. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पायलट म्हणजे आमचे पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल टॅक्सीवाले. अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी पोचतात ते हेच. पण पूर्वी हात लावायला घाबरायचे, पोलीस साक्षीला खेचतील म्हणून. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीत १३४-अ हे कलमच आलं. वकीलसाहेबांनी स्टँडवर जाऊन, चहा पीत, हे सगळं समजावून सांगितलं: नाव सांगण्याची सक्ती नाही, इस्पितळ अडवून ठेवू शकत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. एका डॉक्टरांना बरोबर आणून मान कशी धरायची, रक्त कसं थांबवायचं तेही शिकवलं. आमच्या स्टँडवरचा एक जण अजून डिकीत स्वच्छ फडकं आणि पट्ट्या बाळगतो.

दर नोव्हेंबरात, तिसऱ्या रविवारी, रस्त्यावर गेलेल्यांचा जागतिक स्मरणदिन असतो. त्या दिवशी ते जुन्या अशिलांच्या कुटुंबांना बोलवायचे. भाषणं नसायची. नव्याने दुःखात पडलेल्या बाईला जुनी बाई सांगायची, बँकेत काय कर, मुलांच्या शाळेचं काय कर.

बांबोळीची_सिस्टर

कॅज्युअल्टीत काम केलंय म्हणून एक कळकळीची गोष्ट.

जखमीला घेऊन येणारा माणूस घाबरलेला असतो. "काय झालं?" विचारलं की म्हणतो, "पडला." तेच केसपेपरवर जातं: 'दुचाकीवरून पडून जखमी.' सहा महिन्यांनी तोच कागद विम्याचे वकील न्यायाधिकरणात दाखवतात आणि म्हणतात, बघा, स्वतःच पडला. म्हणून कोणत्या गाडीने, कुठे, कुठल्या बाजूने ठोकर दिली, हे आणणाऱ्याने स्पष्ट सांगावं, नंबर माहीत असेल तर नंबरही. सर एकदा आमच्या इस्पितळात नवीन सिस्टरांशी यावर बोलायला आले होते. कुणावर दोष न देता म्हणाले, "तुम्ही लिहिता ती एक ओळ त्या माणसाच्या मुलांची शाळा ठरवते." तेव्हापासून मी ती ओळ कधी घाईत लिहिली नाही.

वेर्णा_शिफ्ट

मी गप्प वाचत होतो, पण आता विचारतोच. माझा धाकटा भाऊ, वय २९, वेर्ण्याला कंत्राटावर फिटर, पगार १८,००० बँकेत. फातर्प्याच्या जत्रेहून मित्राच्या स्कूटरवर मागे बसून येत होता. बाळ्ळीजवळ आडव्या रस्त्यातून कार आली. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. तीन महिने होत आले. पोलीस केस झालीय. कारमालकाकडून एक जण घरी येतो, ६०,००० घ्या आणि सही करा म्हणतो. आई म्हणते पाय बरा झाला की बघू. सिस्टरांचं वाचून केसपेपर काढला, त्यावर 'स्कूटरवरून पडला' असंच लिहिलंय. झोप उडाली आहे.

कारकून_फोंडा

वेर्णा_शिफ्ट, आधी धीर धरा. सरांना विचारून लिहितोय.

सही करू नका. आणि पाय बरा होण्याची वाट बघू नका. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याला मुदत उरली नव्हती, पण १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्यावर विसंबून राहायचं नाही. तुम्ही वेळेत आहात. दावा मडगावला लावता येईल. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, दोन्हीकडे चालतो.

केसपेपरचं ऐकून घाबरू नका. तो एकटाच कागद नसतो. १०८ ची नोंद, पोलिसांचा पंचनामा, कारच्या बंपरवरची खूण, आरोपपत्र हे सगळं एकत्र पाहिलं जातं, आणि इथे फौजदारीसारखा कडक पुरावा लागत नाही, शक्यता कुणाच्या बाजूने जास्त एवढंच बघतात. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. अंतरिम गेला का ते ठाण्यात लेखी विचारा.

भाऊ मागे बसला होता, त्यामुळे चूक कारवाल्याची किती आणि मित्राची किती या वादात त्याला पडायची गरज नाही. दोघांचीही चूक निघाली तरी तो एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. मित्राच्या स्कूटरचा विमा फक्त सक्तीपुरता (थर्ड पार्टी) असेल तर मागे बसणारा त्यात येत नाही, पण कारसाठी तो तिऱ्हाईत आहे, तिथे तो नक्की येतो.

आता आकडा. १८,००० वर ४० टक्के, झाले २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय २९, गुणक १७. म्हणजे ५१,४०,८००. समजा कामाची क्षमता २० टक्के गेली असं ठरलं, तर १०,२८,१६०. इस्पितळाचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, शुश्रूषा हे वेगळं. हे फक्त उदाहरण आहे, निकाल पुराव्यावर लागतो. पण तो ६०,००० कशासाठी घेऊन फिरतोय ते यावरून दिसेल.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मेडिकल बोर्ड पायाची टक्केवारी देतं. न्यायाधिकरणाने बघायचं असतं ते त्या पायामुळे त्याच्या कामावर काय परिणाम झाला, हे २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात आलंय. टेबलावर बसणाऱ्याचा आणि शिडी चढणाऱ्या फिटरचा पाय सारखा मोजत नाहीत. म्हणून सुपरवायझरकडून लिहून घ्या की तो नेमकं काय काम करत होता: शिडी, उकिडवं बसणं, वजन उचलणं.

आमसोल

कारकूनभाई, एक विचारतो. मामींचं आता काही होईल का? निकालाला चार वर्षं झाली.

कारकून_फोंडा

तक्रार करता येईल. तुमच्याकडे काय काय कागद आहेत ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. बँकेचा उतारा असला तर फार बरं, रक्कम कुठून कुठे गेली ते त्यात दिसतं.

वेर्णा_शिफ्ट

काका, आज ठाण्यात जाऊन आलो. अंतरिम अहवाल गेलाय, प्रत मिळाली. कारचा विमा चालू आहे. १०८ च्या नोंदीसाठी अर्ज दिला. आईला आकडेमोड दाखवली, ती तयार झाली. पण सर काम थांबवताहेत म्हणता, मग दावा कोण चालवणार?

कारकून_फोंडा

सरांच्या हाताखाली तयार झालेल्या वकीलबाई चालवतील. मडगावची कामं गेली काही वर्षं त्याच बघताहेत, आणि कागद सर स्वतः एकदा वाचून देतो म्हणालेत. सोमवारी सकाळी या. अहवालाची प्रत, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, सहा महिन्यांचा बँक उतारा, आधार आणि मूळ एक्स-रे आणा. एक्स-रेची घडी घालू नका. स्कूटर चालवणाऱ्या मित्रालाही बरोबर आणा, त्याचा जबाब ताजा असताना लिहून घेऊ. भावाला जिने चढायला लावू नका, आम्ही खाली येऊन त्याच्याशी बोलू.